समुद्रातली गडबड, पुण्यातलं बिल: मालवाहतुकीच्या भाड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत आमचं छोटं ऑफिस आहे. निर्यात-आयातीची कागदपत्रं आणि जहाजाची बुकिंगं आम्ही करतो. ग्राहक बहुतेक चाकण, तळवडे, पिरंगुट, रांजणगाव इथले लहान-मध्यम कारखानदार, आणि हंगामात जुन्नरकडचे द्राक्षवाले. जगात कुठे खुट्ट झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपासून फोन सुरू होतात, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. ज्याचं उत्तर आधी आलंय, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. गडबड तांबड्या समुद्रात, माझा माल जातो दुसरीकडेच. मग माझं भाडं का वाढतं?

दिवाळीत पुण्याहून नागपूर-लातूरला जाणाऱ्या खासगी बसचं तिकीट आठवा. रस्ता तोच, डिझेल तेच, ड्रायव्हरही तोच, तरी तिकीट दुप्पट-तिप्पट. भाडं अंतरावर ठरत नाही, किती सीट उरल्यात त्यावर ठरतं. जहाजाचं अगदी असंच आहे.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. डिसेंबरच्या मध्यापासून बड्या शिपिंग लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे साडेसहा हजार सागरी मैलांच्या आत आहे, केपमार्गे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, साडेदहा हजारांच्या पुढे. म्हणजे एका बाजूला साधारण बारा दिवस जास्त.

आता गणित करा. एखादी साप्ताहिक सेवा जाऊन-येऊन ७० दिवसांत फेरी पूर्ण करत असेल, तर दर आठवड्याला एक जहाज सुटायला १० जहाजं लागतात. दोन्ही बाजूंना १२-१२ दिवस वाढले की फेरी ९४ दिवसांची, आणि तेवढ्याच सेवेला १३-१४ जहाजं. माल एक किलोने वाढला नाही, पण तीन-चार जहाजं जास्त अडकली. ती येतात कुठून? तुमच्या मार्गावरून काढून. म्हणून सुक्याबरोबर ओलंही जळतं.

२. कोटेशनमध्ये दहा-दहा ओळी असतात. खरं भाडं कुठलं?

पहिली ओळ मूळ सागरी भाड्याची. त्याखाली इंधनाचा अधिभार, बंदरातल्या हाताळणीचा टीएचसी, बीएलचे (माल ताब्यात घेतल्याच्या लाइनच्या दस्तऐवजाचे) पैसे, सीलचे पैसे, गर्दीच्या हंगामातला पीक सीझन सरचार्ज, धोक्याच्या भागातून जात असेल तर वॉर रिस्क. युरोपला जाणाऱ्या मालावर २०२४ पासून कार्बनचाही एक आकार येतो, कारण युरोपीय संघाने जहाजांना आपल्या उत्सर्जन व्यवस्थेत आणलं: २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांचा हिशेब, २०२५ च्या ७० टक्क्यांचा आणि २०२६ पासून पूर्ण. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, तेव्हापासून इंधनाची ओळही बदलली.

माझा सल्ला एवढाच: ओळींवर घासाघीस करू नका, तळाच्या आकड्यावर करा. एका ओळीत सोडलेले पन्नास डॉलर दुसऱ्या ओळीत परत येतात. आणि 'वैध तारखेपर्यंत' या शब्दांखाली रेघ मारा. ती तारीख बुकिंगची, गेट-इनची (कंटेनर बंदरात शिरण्याची) की जहाज सुटण्याची, हे लेखी विचारा. निम्मी भांडणं इथेच होतात.

३. गेल्या काही वर्षांत भाडं नक्की किती खालीवर झालं?

ड्र्यूरी या संस्थेचा ४० फुटी कंटेनरचा जागतिक निर्देशांक सोयीचा आहे. २०१९ मध्ये सरासरी १,४२० डॉलर. सप्टेंबर २०२१ मध्ये १०,३७७ डॉलर. नोव्हेंबर २०२३ मध्ये परत १,४०० च्या आसपास. जुलै २०२४ मध्ये ५,९०० च्या वर. हे आकडे मोठ्या पूर्व-पश्चिम मार्गांचे आहेत, न्हावाशेव्याचे नाहीत. आपला दर यापेक्षा वेगळा असतो, पण दिशा तीच असते आणि आपल्याकडे ती काही आठवडे उशिरा पोचते.

२०२१ ची उडी एका कारणाची नव्हती. लोक घरी बसले, हॉटेल-प्रवासाचे पैसे वाचले, ते वस्तूंवर गेले. बंदरात माणसं कमी होती, जहाजं नांगर टाकून बाहेर उभी राहिली. त्यात २३ मार्च २०२१ ला ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये आडवं अडकलं आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. मे-जूनमध्ये चीनचं यांतियान बंदर कोविडमुळे कितीतरी दिवस मंदावलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. यातलं कुठलंही एक संकट एकटं आलं असतं, तर भाडं सातपट झालं नसतं.

४. आम्ही एफओबीवर विकतो. भाडं खरेदीदाराचं, मग आम्हाला काय?

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. एफओबीत माल जहाजावर चढवून देईपर्यंतचा खर्च तुमचा, पुढचं जहाजाचं भाडं खरेदीदाराचं, हे खरं. पण भाडं चढलं की तो तीन गोष्टी करतो: ऑर्डर पुढे ढकलतो, दर कमी करायला सांगतो, किंवा 'या वेळी सीआयएफवर द्या', म्हणजे भाडं आणि विमा तुम्हीच भरा, म्हणतो. चाकणच्या एका ग्राहकाने हे तिसरं एका मेलवर मान्य केलं. दर ठरवताना कंटेनरला १,६०० डॉलर धरले होते, माल तयार होईपर्यंत ते ४,३०० झाले. सहा कंटेनर होते. त्या ऑर्डरमध्ये नफा किती होता ते मी विचारलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शिवाय एफओबीत जहाज ठरवणं खरेदीदाराच्या हातात. जहाज आलं नाही तर माल तुमच्या गोदामात, बँकेचं व्याज तुमच्या नावावर, आणि एलसीतली (बँकेच्या पतपत्रातली) शेवटची शिपमेंट तारीख मात्र पुढे सरकत नाही. ती वाढवून घ्यायची तर लेखी अमेंडमेंट लागते. खरेदीदाराचा 'नो प्रॉब्लेम' हा व्हॉट्सअॅप संदेश बँक वाचत नाही.

भाडं किती, हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. भाडं कुणाच्या अंगावर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हा पहिला.

एक बारकावा. एफओबी असो की सीआयएफ, धोका माल जहाजावर चढला की खरेदीदाराकडे जातो. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरता म्हणून वाटेतला धोकाही तुमचा, असं नाही. डीएपी आणि डीडीपी या दारपोच अटींत मात्र माल त्याच्या दारात पोचेपर्यंतचा धोका आणि वाहतूकखर्च तुमच्यावर, डीडीपीत तर तिथली ड्युटीही. गडबडीच्या काळात डीडीपी घेऊ नका. अगदी जुना ग्राहक असला तरी.

५. आम्ही आयात करतो. भाडं वाढलं की कस्टम ड्युटीही वाढते का?

हो. ड्युटी सीआयएफ किमतीवर लागते, म्हणजे भाडं आणि विमा धरून. उदाहरण घ्या: माल एफओबी ४०,००० डॉलर, मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. भाडं १,२०० वरून ५,००० डॉलर झालं, म्हणजे ३,८०० ने वाढलं. या वाढीव भाड्यावर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून साधारण ३१३ डॉलर, आयजीएसटी साधारण ७४०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण आज रोख भरावं लागतं. ३१३ डॉलर मात्र गेलेच. वाढीव भाड्याची चर्चा सगळे करतात, त्यावरच्या ड्युटीची तरतूद फार थोडे करतात.

अपवाद दोन, दोन्ही २००७ च्या मूल्यांकन नियमांतले. विमानाने माल आणला तर मूल्यांकनासाठी हवाई भाडं एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, प्रत्यक्षात कितीही दिलं असलं तरी. आणि भाडं किती दिलं ते दाखवताच आलं नाही, तर एफओबीच्या २० टक्के धरतात. समुद्रमार्गे तुमचं खरं भाडं तीन-चार टक्के असताना केवळ पावती हाती नाही म्हणून २० टक्क्यांवर ड्युटी भरलेले लोक मी पाहिलेत. फ्रेट सर्टिफिकेट जहाज पोचायच्या आधी मागून घ्या.

६. सीआयएफवर आयात केली तर सागरी भाड्यावर वेगळा आयजीएसटी भरायचा का?

नाही. मोहित मिनरल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला ती वेगळी आकारणी रद्द केली, कारण मालाच्या किमतीत भाडं धरून आयजीएसटी आधीच भरलेला असतो. तो आधीचा आयजीएसटी कुठला, ते प्रश्न ५ मध्ये.

७. न्हावाशेव्याला कंटेनरचे डोंगर दिसतात, आणि लाइन म्हणते एम्प्टी (रिकामा कंटेनर) नाही. खोटं बोलतात का?

बहुतेक वेळा नाही. कंटेनर आहे, पण तुम्हाला हवा तो नाही. पुण्याचा माल बघा: फोर्जिंग, कास्टिंग, गिअर, शाफ्ट. वजनदार, म्हणून २० फुटी लागतो. आयातीत मात्र बराच माल ४० फुटी हाय-क्यूबमध्ये येतो. डोंगर ४० चा, मागणी २० ची. द्राक्षवाल्याला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, लागतो, त्याला तर त्या डोंगराचा काहीच उपयोग नाही.

दुसरं, दिवाळीची तीच बस. पुण्याहून भरून जाते आणि रिकामी परत येते, म्हणून जाणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचे पैसे घेतात. २०२०-२१ मध्ये चीन-अमेरिका मार्गावर इतका पैसा मिळत होता, की अमेरिकेत रिकामे झालेले कंटेनर तिथला निर्यात माल भरायलाही न थांबता थेट चीनला परत नेले. जगातले बहुतेक कंटेनर बनतातही चीनमध्येच. आपण रांगेत मागे राहिलो.

उपाय फार नाहीत. रिकामा कंटेनर उचलताना दार बंद करून आत उभं राहा आणि वर बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर घेऊ नका. टंचाईच्या दिवसांत यार्डवाले भोकं पडलेलेही खपवतात.

८. बुकिंग कन्फर्म होतं, तरी माल जहाजावर चढला नाही. भरपाई मिळेल का?

बहुधा नाही, आणि याचा राग मलाही आहे. बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत लाइनने स्वतःला मोकळं ठेवलेलं असतं: जहाज बदलणं, बंदर वगळणं, माल पुढच्या जहाजावर ढकलणं. बाजारात याला 'रोल झाला' म्हणतात. पूर्ण फेरीच रद्द केली तर ब्लँक सेलिंग.

२०२४ च्या पावसाळ्यातली रात्र सांगतो. पावणेदोनला पळस्पे फाट्यावरून ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन. 'साहेब, फॉर्म १३ निघत नाही. जहाज पुढच्या आठवड्यात गेलं म्हणतात.' (फॉर्म १३ म्हणजे कंटेनर बंदरात नेण्याचा परवाना.) लाइनचा मेल आला होता रात्री ११:४० ला, आणि गाडी कारखान्यातून निघाली होती सातला. मागे पावसाचा आवाज, आणि तो विचारतोय गाडी कुठे लावू. चार दिवस कंटेनर खासगी यार्डात उभा राहिला. गाडीचं हॉल्टिंग, यार्डाचं भाडं, चढवण्या-उतरवण्याचे पैसे, सगळं निर्यातदाराच्या खिशातून. लाइनकडून आलं ते एक छापील दिलगिरीपत्र.

त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. गाडी कारखान्यातून हलायच्या आधी लाइनच्या वेबसाइटवर जहाजाची तारीख पुन्हा बघायची, आणि खालापूरच्या टोलनाक्याला पोचल्यावर परत एकदा. हास्यास्पद वाटेल, पण वर्षभरात दोन गाड्या यामुळे परत वळवल्या.

९. डिटेन्शन, डेमरेज, ग्राउंड रेंट… हे एकच ना?

नाही. लाइनचा डबा (कंटेनर) मुदतीपेक्षा जास्त दिवस तुमच्याकडे राहिला तर ते डिटेन्शन, लाइनला. बंदरात किंवा सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) जागा अडवली तर ग्राउंड रेंट किंवा डेमरेज, त्या जागेवाल्याला. दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात आणि दोन्हींची घड्याळं वेगळी. मोफत दिवस बुकिंगच्या वेळीच मागून घ्या. माल अडकल्यावर मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

१०. माल उशिरा पोचला म्हणून खरेदीदाराने दंड कापला. सागरी विमा आहे, त्यातून मिळेल का?

नाही. सगळ्यात मोठं संरक्षण देणारा आयसीसी 'ए' विमा घेतला तरी उशिरामुळे झालेलं नुकसान त्यात वगळलेलं असतं, मग तो उशीर विमा असलेल्या कारणामुळे झाला असला तरी. युद्ध आणि संप यांचं संरक्षणही मूळ पॉलिसीत नसतं, वेगळी कलमं घ्यावी लागतात. युद्धाचं कलम विमा कंपनी सात दिवसांची नोटीस देऊन काढून घेऊ शकते, त्यामुळे 'गेल्या वर्षी घेतलं होतं' या भरवशावर राहू नका.

११. 'जनरल अॅव्हरेज'ची नोटीस आली आहे. माझ्या मालाला ओरखडाही नाही, मी पैसे का भरू?

कारण सागरी कायद्याची ही फार जुनी रीत आहे: जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला खर्च किंवा त्याग सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. 'एव्हर गिव्हन'च्या मालकाने हेच जाहीर केलं होतं. ते जहाज कालव्यातून सुटलं २९ मार्चला, पण भरपाईच्या वादात इजिप्तने ते ७ जुलै २०२१ पर्यंत ग्रेट बिटर लेकमध्ये धरून ठेवलं. त्यातला माल तीन महिने तिथेच.

तुमचा विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते आणि माल सुटतो. विमा नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय डबा मिळत नाही, आणि अंतिम हिशेब व्हायला वर्षं जातात. एफओबीवर खरेदी करून 'विमा कशाला, जवळच तर आहे' म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. २५ मे २०२५ ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडालं. ते विझिंजमहून कोचीला निघालं होतं. जवळच.

१२. भाडं इतकं वाढलंय की ऑर्डर पुरी केली तर तोटा आहे. फोर्स मेजर, म्हणजे हाताबाहेरचं कारण, म्हणून सुटता येईल?

केवळ महाग पडतंय म्हणून नाही. ऊर्जा क्षेत्रातल्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हेच सांगितलं: इंडोनेशियातला कोळसा महागला, म्हणून करार पाळणं अशक्य झालं असं होत नाही.

सुएझचं याहून जुनं उदाहरण मला फार आवडतं. १९५६ मध्ये सुदानचे शेंगदाणे हॅम्बुर्गला सीआयएफवर पोचवण्याचा एक करार होता. नोव्हेंबरमध्ये कालवा बंद पडला. विक्रेता म्हणाला, वाट बंद, करार संपला. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६१ मध्ये निकाल दिला: केपची वाट उघडी होती ना? लांब होती, महाग होती, पण होती. विक्रेता हरला. करारात 'सुएझमार्गे' असा शब्द नव्हता.

तेव्हा सुटका शोधायची ती करार करतानाच. 'सागरी भाडं अमुक डॉलरच्या वर गेल्यास वाढ निम्मी-निम्मी' अशी एक ओळ टाका. परदेशी खरेदीदार ही ओळ वाचून चिडत नाहीत, हा माझा अनुभव. चिडतात ते माल निघायच्या आदल्या दिवशी मागितल्यावर. मोठा करार असेल तर ती ओळ वकिलाकडून लिहून घ्या.

१३. केपमार्गे माल नेला तर उशीर सोडून आणखी काय बिघडतं?

गंज. पुण्याच्या मालाचा हा खरा शत्रू. जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडतं, दिवसा डबा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतलं बाष्प छताला जमतं आणि टपकतं. शाफ्टचे एक परत आलेले खोके आम्ही उघडून पाहिले. व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी वरून धड दिसत होती, पण फ्लँजच्या कडेने ती घासून बोटभर फाटली होती, आणि बरोबर तेवढ्याच लांबीची नारिंगी रेघ धातूवर उमटली होती. बाकी सगळा भाग आरशासारखा.

गंजरोधक तेल निवडताना पॅकिंगवाल्याला मार्ग सांगा. कारखान्यापासून ग्राहकाच्या असेंब्ली लाइनपर्यंत ४५ दिवस धरून केलेलं पॅकिंग ७० दिवस टिकेलच असं नाही. लाकडी पॅलेट ओलं नको, पावसाळ्यात तर नकोच. सिलिकाच्या पुड्या चार जास्त टाकल्या तर कुणाचं दिवाळं निघत नाही.

१४. द्राक्षांचं काय? ती तर थांबत नाहीत.

२०२४ च्या हंगामात हाच घोळ झाला. जानेवारी ते एप्रिल हा आपला हंगाम, आणि नेमकं तेव्हाच जहाजं केपला वळली. रॉटरडॅमला पोचल्यावर माल किती दिवस टिकतो त्यावर दर ठरतो, आणि तेच दिवस समुद्रात गेले. अशा वर्षी देठ हिरवा राहील असाच माल भरा, साखर अगदी चढेपर्यंत थांबू नका, आणि प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) अर्धवट उरकू नका. रीफरचं भाडं वाढलं की काही बागायतदार मालाचा दर्जा खाली आणून हिशेब जुळवायला बघतात. आगीतून फुफाट्यात.

१५. एवढं असेल तर विमानाने पाठवू का?

हिशेब वजनाचा आहे. विमानात एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात, आणि खरं वजन किंवा हे हिशेबी वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. १२० × १०० × १०० सेंटिमीटरचं खोकं १४० किलोचं असलं तरी पैसे २०० किलोचे. प्लॅस्टिकच्या ट्रिमवाल्याला हे मारतं. गिअरवाल्याला मारतं ते खरं वजनच.

ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबणार असेल तर विमान स्वस्तच पडतं, कारण लाइन थांबल्याचा दंड त्याहून मोठा. पण सगळा लॉट पाठवू नका. दोन आठवड्यांपुरता हवेतून आणि उरलेला पाण्यातून. दुबईपर्यंत जहाज आणि पुढे विमान असा मधला मार्गही असतो, पण सगळ्यांना एकदमच तो आठवला की त्याचाही भाव चढतो. कारण प्रश्न १.

१६. अमेरिकेच्या टॅरिफचा आणि जहाजाच्या भाड्याचा काय संबंध?

तारखेचा. टॅरिफ अमुक दिवसापासून लागणार म्हटलं की त्याआधी माल ढकलायची झुंबड उडते, जागा संपते, भाडं चढतं. तारीख उलटली की जहाजं अर्धी रिकामी आणि भाडं खाली. २०२५ मध्ये भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लागले, तेव्हा हेच पाहिलं.

वाहनांच्या सुट्या भागांचं मात्र गणित वेगळं होतं. त्यावर मे २०२५ पासूनच वेगळ्या कायद्याखाली २५ टक्के होते आणि ज्या भागांना तो कर लागू होता, त्यांच्यावर ऑगस्टचा कर चढत नव्हता. म्हणून चाकणमधल्या शेजारी-शेजारी दोन कारखान्यांपैकी एकाला ५० टक्के आणि दुसऱ्याला २५, असं चित्र होतं. मालाच्या वर्गीकरणाचा एचएस कोड तपासल्याशिवाय ऑर्डर सोडू नका. दर आणि नियम बदलत असतात, त्यामुळे माल निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

आणखी एक पाचर: २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेल्या मालाला त्या दुसऱ्या २५ टक्क्यांतून सूट होती, पण तो १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल व्हायला हवा होता. जहाज हळू चाललं तर सूट गेली.

१७. मंदी आली की भाडं उतरतं. म्हणजे आमचा फायदाच ना?

काही महिने. मग लाइन्स फेऱ्या रद्द करून जागा कमी करतात (प्रश्न ८), आणि स्वस्त भाड्याचं जहाजच सापडत नाही. फारच ताणलं तर लाइन बुडते. ३१ ऑगस्ट २०१६ ला दक्षिण कोरियाची हांजिन, तेव्हाची जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर लाइन, न्यायालयात गेली. बंदरांनी पैसे मिळणार नाहीत या भीतीने तिची जहाजं आत घेणं थांबवलं, आणि सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल समुद्रावर अडकला. सगळ्यात स्वस्त कोटेशन आलं की मला अजून हांजिन आठवते.

१८. वर्षाचा करार करावा की दर वेळी बाजारभावाने?

महिन्याला चार-पाच कंटेनरच्या खाली असाल तर करार नावापुरताच. २०२१ मध्ये बाजारभाव चढल्यावर लाइन्सनी करारवाल्यांना 'जागा नाही' सांगून तीच जागा चढ्या भावाने विकल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. आणि भाव पडल्यावर करार मोडण्यात मालवालेही मागे नव्हते, हेही खरं. त्यापेक्षा दोन फॉरवर्डर (आमच्यासारखे बुकिंग करून देणारे) ठेवा, दोघांनाही थोडं-थोडं काम देत राहा. गर्दीत ओळखीच्यालाच सीट मिळते. यात माझा धंद्याचा स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा.

१९. पुणे ते न्हावाशेवा ट्रेलरभाडं का वाढतं? त्याचा जगाशी काय संबंध?

आहे. जहाजं वेळापत्रक सोडून एकदम दोन-तीन आली की सगळ्यांचं कट-ऑफ (माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ) एकाच दिवशी येतं. गाड्या तेवढ्याच. बंदराबाहेर रांग लागली की महिन्याला दहा फेऱ्या मारणारी गाडी सात मारते आणि मालक त्या सातांत दहांचे पैसे काढतो. त्यात शनिवारी घाटात अडकलात तर विचारू नका. शक्य असेल तर माल मंगळवार-बुधवारी काढा.

२०. सुएझची वाट पूर्ववत झाली की दुसऱ्या दिवशी भाडं उतरेल ना?

नाही, आधी गोंधळ वाढेल. केपवरून निघालेली जहाजं आणि त्यांच्या मागून निघून सुएझमार्गे आलेली जहाजं एकाच आठवड्यात युरोपच्या बंदरात पोचतील. रांगा लागतील, रिकामे डबे परत यायला उशीर होईल, आणि इकडे न्हावाशेव्याला पुन्हा 'एम्प्टी नाही' (प्रश्न ७). ते निस्तरलं की मग मोकळी झालेली जहाजं बाजारात येतात आणि भाडं खऱ्या अर्थाने खाली येतं. विम्याचा वॉर रिस्क दर तर आणखी मागाहून उतरतो.

२१. मग आज खरेदीदाराला दिलेल्या कोटेशनची मुदत किती ठेवू?

मालाच्या किमतीला तीस दिवस, भाड्याला सात. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहा.